मिरामारच्या वाळूत भरलेली ओटी

आयर्लंडला जायच्या आधी मला दोनच गोष्टी करायच्या होत्या. एकदा गोव्यातली पणजी परत बघायची आणि आईच्या हातून ओटी भरून घ्यायची. पहिलीला कुणाची हरकत नव्हती. दुसरीला बेळगावातलं आमचं सगळं वडगाव आडवं आलं.

आमच्या विणकरांच्या गल्लीत पोरगी लांब निघाली की तिच्या पदरात तांदूळ, नारळ, खण घालतात. घालणारी सवाष्णच लागते. माझे वडील, अण्णा, जाऊन सहा वर्षं झालेली, त्यामुळं काकू म्हणाली, "मी भरतो की गं. आई बाजूला बसून बघंल."

बघंल? अण्णा गेल्यावर जिनं दिवस दिवस बसून मागाच्या कांड्यांवर सूत भरलं आणि मला नर्स केलं, ती बाजूला बसून बघंल? माझं डोकंच फिरलं. "मग मला ओटीच नको," म्हटलं. काकू रुसली ती रुसलीच, वर आईनंही मलाच झापलं. "जाता जाता भांडणं काढू नकोस."

दोन दिवसांनी तिला घेऊन मी पणजीची सकाळची गाडी धरली. अण्णा वर्षातून एकदा माग बंद ठेवून आम्हाला पणजीला न्यायचे. देवाला न्हाय, लग्नाला न्हाय, नुसती हवा खायला! लोक नावं ठेवायचे आणि अण्णा हसायचे. मांडवीच्या काठानं मिरामारपर्यंत चालायचं, वाटेत भाजी-पाव खायचा, एवढीच आमची चैन. शहर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं अजून पणजीच येते. ते गेल्यावर आम्ही दोघी तिकडं फिरकलो नव्हतो.

भाजी-पाव खाल्ला, चाललो, मिरामारला वाळूत बसलो. आईनं पाय पुसायला टॉवेल मागितला. मी पिशवीतून ओढला, तसा नारळ गडगडत बाहेर आला. बेळगावातून विकत घेऊन समुद्राकाठी नारळ आणणारी शहाणी मीच!

"हे काय गं?"

"ओटीचं सामान. तांदूळ, खण, कुंकू सगळं हाय. भर."

"न्हाय." तिचा चेहरा उतरला. "परमुलखात एकटी असणार तू. काय बरंवाईट झालं, तर जन्मभर मला वाटत ऱ्हाईल, माझ्याच हातानं झालं."

"मग अण्णा काय तुझ्या हातानं गेले व्हय?"

बोलून गेले आणि जीभ चावली. आई उठली, सरळ पाण्याकडं गेली. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं तरी मागं सरली नाही. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, तिचा न्हाय, ज्यांनी हे तिच्या डोक्यात भरलं त्यांचा. आता ती म्हणणार, चल घरी. म्हणू दे. मी ओटीशिवाय विमानात बसेन, पण काकूपुढं पदर धरणार न्हाय.

आई परत आली. नाक पुसलं. म्हणाली, "ओढणी धर."

खण घातला, नारळ ठेवला. तांदळाच्या पाच मुठी घातल्या. कुंकवाला बोट लावलं आणि हात तिथंच थांबला. मी कपाळ पुढं केलं. तिनं ते चांगलं ठसठशीत लावलं. शेजारी सेल्फी काढणारी दोन माणसं बघत होती. बघू देत!

ओटीतले चार दाणे भरणारीच्या ताटात परत टाकायचे असतात. आम्ही ताट आणलंच नव्हतं. आई क्षणभर इकडं तिकडं बघत राहिली, मग तिनं स्वतःचाच पदर पसरला. तिच्या पदरात सहा वर्षांत कुणी तांदूळ घातला नव्हता. मी चार दाणे न्हाय, मूठ भरून घातली. तिनं पदर ओढून घेतला नाही. दुसरी घातली. पाचही घातल्या.

"सगळं मलाच देतीस व्हय गं?" म्हणत ती रडली, आणि मग हसलीही.

परतीच्या गाडीत गाठ मारलेला पदर मांडीवर घेऊन बसली होती. घाट चढताना मी विचारलं, "काकूला काय सांगायचं?"

"तू काय बोलू नको. तू जाशील विमानात, हितं मीच ऱ्हाणार हाय." तिनं गाठ चाचपली. "उद्या ह्याच तांदळाचा भात लावणार हाय, आन् तिलाच जेवायला बोलवणार."