शिंदीचा शेवटचा क्रूस

आमचे हे गेले त्याला आता तीन वर्षं होतील. ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी अख्ख्या चर्चसाठी शिंदीच्या पानांचे क्रूस तेच विणायचे. औशाकडच्या ओढ्यावरून पानं आणायची, ओल्या फडक्यात गुंडाळायची आणि दुपारभर अंगणात बसायचं. बोटं चालू, डोळे मिटलेले. मी विचारायची, झोपलात का? तर म्हणायचे, "हाव, झोपूनच करायलोय." अजूनही लातुरात ऊन तापायला लागलं की मला त्या पानांचा हिरवा वास येतो. कुठून येतो, देव जाणे.

आमच्याकडे हे क्रूस वर्षभर दाराच्या चौकटीवर खोचून ठेवतात आणि पुढच्या उपवासकाळाआधी चर्चमध्ये आणून देतात. तिथं ते जाळायचे. त्याचीच राख राखेच्या बुधवारी कपाळाला लागते, आपण मातीचे आहोत हे विसरू नये म्हणून.

यांनी विणलेला शेवटचा क्रूस मी दिला नाही. दोन वर्षं दिला नाही. पाळकसाहेब विचारायचे, मी म्हणायची, "विसरले बघा." चर्चच्या दारात उभं राहून धडधडीत खोटं. क्रूस ट्रंकेत साड्यांखाली लपवलेला.

यंदा डॉक्टरांनी मला बजावलं. हृदय थकलंय, ओझं उचलायचं नाही, जिना सावकाश चढायचा. मी शहाण्यासारखी मान हलवली आणि त्याच दिवशी दहा किलो ज्वारी दळून दोन जिने चढवली. माझा स्वभावच आडमुठा. नको म्हटलं की करणारच. लेक नांदेडला असते, तिला काही कळू दिलं नाही.

राखेच्या बुधवारी सकाळी पांढरी साडी काढायला ट्रंक उघडली. क्रूस हातात घेतला तर त्याचा भुगा झाला. कसर लागली होती. मला यांचाच राग आला. इतकं जपलं तरी थांबला नाहीत ना, असं मोठ्यानं म्हटलं, आणि तिथंच फरशीवर बसून पोटभर रडले. खिडकीतून ऊन येत होतं, त्यात भुग्याचे कण तरंगत होते. किती वेळ बघत बसले कोण जाणे.

मग उरलेला भुगा रुमालात बांधला आणि प्रार्थनेच्या आधीच चर्च गाठलं.

पाळकसाहेब म्हणाले, "बाई, राख तर कालच झाली. पुढच्या वर्षी टाकू की."

"पुढच्या वर्षी मी असेन का, साहेब?"

बोलले आणि माझंच मी ऐकत राहिले. हे मी डॉक्टरांपुढे काढलं नव्हतं, लेकीपुढे नाही, प्रार्थनेतसुद्धा नाही.

त्यांनी रुमाल माझ्या हातातून घेतला. एक स्टीलची ताटली आणली, काडी ओढली. चिमूटभर राख झाली. वाळल्या पानाला कुठला आलाय हिरवा वास, पण मला आला. ती चिमूट त्यांनी वाटीतल्या राखेत टाकली, तेल घातलं आणि बोटानं कालवलं.

रांगेत लेकरं होती, म्हातारे होते, यांच्याशी शेवटपर्यंत अबोला धरलेले एक मास्तरही होते. सगळ्यांच्या कपाळावर हे थोडे थोडे लागत गेले. मास्तरांकडे बघून मला हसू आवरेना. माझी पाळी आली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. भीती वाटली नाही. अंगणातली ती दुपार आठवली, इतकंच.

येताना गंज बाजारातल्या आप्पांच्या दुकानात ज्वारीला थांबले. आप्पा लिंगायत, कपाळावर भस्माचे पट्टे रोजचेच. माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, आज तुमीबी?"

"हाव, आप्पा. आमचं वर्षातून एकदा."

"बरंय तुमचं. आमाला रोज आठवण लागती," म्हणत त्यांनी पिशवी बांधली.

सवयीनं माझा हात पिशवीकडे गेला. मग मी तो मागं घेतला.

"आप्पा, रिक्षात ठेवता का? मला आता उचलवत नाही."

त्यांनी पिशवी उचलली. मी मोकळ्या हातांनी मागून चालत गेले, रिक्षात बसले आणि लेकीला फोन लावला. डॉक्टर काय म्हणाले ते तिला पहिल्यापासून सांगितलं.