परसातल्या भिंतीवरचे लाल पंजे

त्या खुनाचं मला अजून हसू येतं. त्या दिवशी मात्र आमच्या गावात कोणीच हसत नव्हतं.

कळमनुरी तालुक्यातल्या आमच्या गावची मी पोलीस पाटील होते. आता निवृत्त आहे. शिक्षण प्राथमिक शाळेपुरतं. गावात काही घडलं की ठाण्यात कळवायचं, साहेब आले की पंच गोळा करायचे आणि बघ्यांना हाकलायचं, हे माझं काम. त्यातलं तिसरं सगळ्यात अवघड.

हळद शिजवायचे दिवस होते. सकाळी मी कढईजवळ असताना शेजारची धाकटी सून ओरडत आली. "पाटीलबाई, चला वो! ह्यायचा रात्रीपासून पत्ता न्हाई, अन् भिंतीला रगत लागलंय!"

त्या घरात दोन भाऊ. थोरल्याच्या मुलीचं लग्न आठवड्यावर आलेलं, म्हणून घराला नवा चुना मारलेला. परसातल्या त्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर लालभडक पंजे होते, वरपर्यंत घासत गेलेले. आदल्या संध्याकाळी थोरला "तुझा जीव घेतो" म्हणून धाकट्यावर ओरडलेला साऱ्या गल्लीनं ऐकला होता. धाकट्याचा मोबाईल घरीच चार्जिंगला होता. नातेवाइकांना फोन करून झाले होते. मी ठाण्यात खबर दिली.

फौजदार तरुण आणि हौशी. विलायती पोलिसांच्या खूनकथा मराठीत मिळतात, त्या वाचायचा त्यांना नाद. जीपमध्ये एखादं पुस्तक असायचंच. पुढे त्यांनी मलाही एक वाचायला दिलं. त्यातल्या गावात घरं दहा आणि खून तीन. तिथला पोलीस पाटील काय करत होता, ते शेवटपर्यंत लिहिलेलं नाही.

भिंत पाहून साहेबांचे डोळे चमकले. "पाटीलबाई, जखमी माणूस भिंत चढत होता आणि कुणीतरी मागून ओढला. अगदी पुस्तकातल्यासारखं."

त्यांनी हिंगोलीहून रक्ताचे नमुने घेणारं पथक मागवलं आणि थोरल्याला ओसरीवर बसवून चौकशी सुरू केली.

"जीव घेतो म्हणालास?"

"व्हय. रोजच म्हणतो, साहेब. तोबी म्हणतो."

"भांडण कशावरून झालं?"

"घरातली गोष्ट हाय. चारचौघांत सांगायची न्हाई."

त्यापुढे तो तोंड उघडेना. माझा अनुभव असा, की गुन्हा केलेला माणूस फार बोलतो. गप्प बसतो तो लाजलेला असतो. पण समोर ती भिंत होती, तिच्यापुढे अनुभवाला कोण विचारतो? साहेबांनी त्याला ठाण्यात न्यायचं ठरवलं. तेवढ्यात व्याह्यांचा फोन आला. "खुन्याच्या घरची पोरगी आमाला चालायची न्हाई." मुलगी दारात उभी राहून ऐकत होती.

पंचनाम्याला पंच आले. त्यांना पाणी द्यायला मी कळशी उचलली, परसातल्या चिखलात घसरले आणि ओल्या हातानं भिंत धरली. हात काढला तर तिथं लाल पंजा!

एक पंच बोंबलला, "पाटीलबाईंनीच केला की वो खून!"

मी माझा हात पाहिला. पिवळाजर्द. कढईवरून तशीच उठून आले होते. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे गावातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. दृष्ट काढायला आम्ही तेच पाणी कालवतो. तरी सकाळपासून सगळ्याजणी त्या भिंतीपुढे रडत होतो. साहेबांनी स्वतःचा हात हळदीनं माखून भिंतीला लावून पाहिला आणि मोठ्यानं हसले. "पुस्तकात पहिल्या पानावर मुडदा तरी असतो. आपण मुडद्यावाचून आरोपी बसवला."

रक्त नव्हतं, पण माणूसही नव्हता. पंजे वर चढत गेले होते, म्हणजे कढईवर राबलेला गडी हळदीच्या हातांनी आपणच भिंत ओलांडून गेला होता. पुढच्या दारात तर रात्री थोरला बाज टाकून बसलेला. मी त्याच्याकडं गेले.

"रगत न्हाई, हळद हाय. आता तरी बोल. काहून भांडलात?"

त्यानं डोळे पुसले. "बहिणीला लग्नाला बोलवू म्हणत व्हता. तिनं जमिनीत हिस्सा मागितल्यापासून आमी तिचं नाव घेत न्हाई. डोंगरकड्याला सासरी असते."

"तिला फोन केला?"

सगळं घर एकदम बोललं, "तिच्याकडं तो जायचाच न्हाई!"

मी धाकट्याच्या मोबाईलमधून नंबर काढून लावला.

"हाय की इथंच," बहीण म्हणाली. "धपाटे खाऊन राहिलाय. काहून, काय झालं?"

"त्याचा खून झालाय. खाणं झालं की घेऊन ये."

दुपारी दोघं मोटरसायकलवर आली. थोरल्यानं धाकट्याच्या थोबाडीत दिली आणि मग त्याच्याच गळ्यात पडला. बहीण अंगणातच थांबली. "त्याला पोचवायला आले व्हते. चालले मी. मला ह्या घरच्या थोरल्यानं बोलावलं न्हाई."

साहेब काही बोलणार होते. मी त्यांना खुणेनं गप्प केलं. थोरला बाज उचलून अंगणात घेऊन आला. मग मुलीला म्हणाला, "आत्याला पाणी दे."

व्याह्यांची समजूत साहेबांनी जीप घेऊन जाऊन काढली. लग्न ठरल्या दिवशी लागलं.

त्यानंतर माणूस हरवल्याची खबर आली की मी घरच्यांना आधी विचारायची, तो कुठं जाणार नाही? ते छातीठोक सांगायचे. मी पहिला फोन तिथंच लावायची.