टिकलीचं बटण

अक्का गेल्याचं कळलं तेव्हा मी रिची स्ट्रीटवरच्या एका दुकानात स्पीकर हातात धरून उभी होते. चेन्नईत वायरीपासून संगणकापर्यंत काहीही हवं असलं की त्या गल्लीत जायचं. दुकानदार आवाज ऐकवायला सिनेमातलं गाणं लावत होता आणि मी माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये त्याला सांगत होते की बाबा, गाणं नको, कुणीतरी नुसतं बोलतंय असं काहीतरी लाव. तेवढ्यात अक्काच्या धाकट्या भावाचा, प्रभाकरचा फोन आला. “मीनल, अक्का पोयिट्टा...” म्हणजे गेली. दुकानदाराने अखेर कुठल्याशा बातम्या लावल्या, त्या चालूच राहिल्या. मी तो स्पीकर घेतला. तो आणायचा असं आमचं दोघींचं ठरलं होतं, आणि अक्काशी ठरलेलं मोडायची माझी हिंमत तिच्या जिवंतपणीही कधी झाली नव्हती.

जानकी राव तिचं नाव, पण सगळे तिला अक्काच म्हणायचे. नुंगंबाक्कममधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ती माझी वरिष्ठ होती. मी कऱ्हाडहून नोकरीला आलेली, तमिळचं एक अक्षर येत नसलेली, आणि पहिल्याच दिवशी लिफ्टपाशी मागून आवाज आला, “तू मराठी काय गो? जेवण झालें का?” मी वळून पाहिलं तर कांजीवरमची साधी साडी, केसांत मोगरा, कपाळावर मोठी टिकली, म्हणजे अगदी पक्की तमिळ बाई. तिची मराठी तंजावरची. पिढ्यान् पिढ्या तिथे राहून मग चेन्नईला आलेल्या कुटुंबांची. शब्द जुने, हेल तमिळ, वाक्य शेवटाला वर जाणारं. सुरुवातीला मला त्या बोलण्याचं हसू यायचं आणि ते लपवता यायचं नाही. “हास हास,” ती म्हणायची, “तुझी मराठी मज रेडिओवाणी वाटते.” देवनागरी तिला धड वाचता यायची नाही. मराठी ती तमिळ लिपीत लिहायची, आणि त्यात आपलं काही अडतं असं तिला कधी वाटलं नाही.

तिच्या कामाची एक तऱ्हा होती आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. आमच्या धंद्यात लोक मजकूर लिहायला एक खिडकी उघडतात, तिला एडिटर म्हणतात, आणि संगणकाला थेट हुकूम सोडायला दुसरी, तिला शेल म्हणतात. सगळे दिवसभर या खिडकीतून त्या खिडकीत जातात. अक्का जायची नाही. तिचा तो काळ्या पार्श्वभूमीचा एडिटर सकाळी उघडायचा आणि संध्याकाळीच मिटायचा. शेलचे हुकूमही ती तिथूनच सोडायची, आणि हाताने एकेक नव्हे, तर एडिटरलाच शिकवून ठेवायची की कर्सर असेल ती ओळ उचल, अमक्या प्रोग्रामच्या हाती दे, तो काय म्हणतो ते मला खाली लिहून दाखव. एक बटण दाबलं की झालं. मी मॅन्युअल लिहिणारी, मला प्रोग्रामिंगचा गंध नाही. मी तिला चिडवायचे की अक्का, आता कॉफीसुद्धा यातूनच मागव. पुढच्या आठवड्यात तिने एक ओळ टाइप केली, बटण दाबलं, आणि खालच्या मजल्यावरच्या पँट्रीतल्या प्रिंटरवर चिठ्ठी छापून आली. कॉफीही आली. “उठून कशास जायचें?” ती म्हणाली, “आपण बसलों तिथे सगळ्यांनी यावें.” तिचा हा हट्ट आम्हाला गमतीचा वाटायचा. पुढे त्याच हट्टावर तिचं घर चालणार होतं, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

घशाचं दुखणं निघालं आणि स्वरयंत्र काढावं लागेल असं एग्मोरजवळच्या इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं. अक्काने ते शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, तोही मला, बाहेर रिक्षात बसल्यावर. “अम्माशी मी कशी बोलू?” तिची आई, आम्ही सगळेच त्यांना अम्मा म्हणतो, वेस्ट माम्बलमच्या घरात तिच्याबरोबर राहायच्या. त्यांची नजर जवळपास गेलेली. उजेड-अंधार कळतो, माणसाची आकृती कळते, अक्षर दिसत नाही. म्हणजे उद्यापासून लेकीला बोलता येणार नाही आणि आईला वाचता येणार नाही. घरात त्या दोघीच. लग्न अक्काने केलं नव्हतं आणि प्रभाकर परदेशात. मी म्हटलं, आधीच काही वाक्यं रेकॉर्ड करून ठेवू या, जेवायला चल, औषध घे, अशी. ती माझ्याकडे अशी पाहायला लागली की जणू मी काही भलतंच बोलले. “अम्माशी मी रोज भांडते गो. ठरवून ठेवलेल्या बोलण्याने भांडण होतें काय?”

ऑपरेशननंतर तिला पाटी दिली होती. तिच्यावर तिने पहिला शब्द लिहिला तो ‘लॅपटॉप’. नर्स म्हणाली विश्रांती घ्या, प्रभाकर फोनवरून म्हणाला विश्रांती घे, आणि अक्का उशीला टेकून एडिटर उघडून बसली. लिहिलेलं वाचून दाखवणारे प्रोग्राम तयार मिळतात. तिला एवढंच करायचं होतं की आपण लिहिलेली ओळ एडिटरने त्या प्रोग्रामला आपणहून द्यावी आणि ती मोठ्याने बोलली जावी. दुपारपर्यंत ते जमलं. घरी आल्यावर तिने अम्मांसमोर लॅपटॉप ठेवला आणि पहिली ओळ तमिळमध्ये लिहिली, कारण तमिळ आवाज हाताशी होता. अम्मांनी पदर सावरला आणि आदराने विचारलं, “नींग यारु?” आपण कोण? तमिळ त्यांची बाजारातली, शेजारपाजारची भाषा. लेकीशी त्या जन्मात तमिळ बोलल्या नव्हत्या. अक्का आवाज न करता हसत होती, पण तिचे डोळे भरले होते ते मी पाहिलं.

मग मराठी आवाजाची पाळी. अक्काच्या तमिळ लिपीतल्या ओळी मी देवनागरीत उतरवून द्यायचे, एडिटर त्या मराठी आवाजाकडे पाठवायचा. मला मनातून फार अभिमान वाटत होता की आता माझ्या भाषेचा उपयोग झाला. त्या यंत्रातली बाई स्वच्छ, शुद्ध, एकेक अक्षर तोलून बोलली. अम्मांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. “ही पुण्याची बाई शहाणी आहे,” त्या म्हणाल्या, “पण तीस सांग, माझी जानकी कुठे आहे?” त्या रात्री मी घरी जाऊन रडले. अक्का रडली नाही. तिने सकाळी मला मेसेज केला, तिच्या नेहमीच्या तमिळ लिपीतल्या मराठीत, की ये, काहीतरी सापडलं आहे.

सापडलं होतं ते इतकं साधं होतं की आम्हाला दोघींना आधी का सुचलं नाही याचाच मला राग आला. तिने मधली मी काढून टाकली होती. मराठी शब्द, तमिळ लिपी, आणि बोलणारा आवाजही तमिळ. त्या बिचाऱ्या यंत्राला ठाऊकच नव्हतं की आपण मराठी बोलतो आहोत. ते तमिळ समजूनच वाचत गेलं, तोच हेल, तीच शेवटाला वर जाणारी वाक्यं, ‘भ’ला ‘ब’ आणि ‘घ’ला ‘ग’. मला पहिल्या भेटीत ज्याचं हसू आलं होतं नेमकं तेच. “अम्मा, कापी पिऊन पेला तिथेच ठेवलास, मुंग्या आल्या,” आवाज म्हणाला. अम्मा थबकल्या. मग म्हणाल्या, “आल्या तर येऊ देत. इतके दिवस बोलली नाहीस, आता आली ती मुंग्या घेऊन.” अक्काने टेबलावर हात आपटला. भांडण सुरू झालं होतं.

पण त्यातही खोट निघाली. आवाज बोलत असेपर्यंत एडिटर थांबून राहायचा, नवी ओळ घ्यायचाच नाही, आणि तेवढ्यात अम्मा आपली चार वाक्यं म्हणून मोकळ्या व्हायच्या. अक्काचा संताप संताप व्हायचा. भांडताना मध्येच तोंड घालता आलं नाही तर ते भांडण कसलं. आठवडाभर ती तेच करत होती, गळ्याला पट्टी, अंगात कणकण, आणि समोर तो काळा पडदा. शेवटी तिने असं केलं की आवाज मागे आपला बोलत राहील, हिला पुढे लिहिता येईल, आणि नव्या ओळीचं बटण दाबलं की जुनी ओळ होती तिथे तोडून नवी सुरू होईल. मी त्या संध्याकाळी त्यांच्या घरी होते. अम्मा प्रभाकरच्या बायकोच्या माहेराबद्दल काहीतरी सांगत होत्या, मशीन आपलीच आधीची ओळ अर्ध्या शब्दात तोडून कडाडलं, “पोदुम अम्मा.” पुरे. अम्मा गप्प झाल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी विसरणार नाही. लेक परत मिळाली होती.

दुखणं परतलं तेव्हा अक्काला मधूनमधून इस्पितळात राहावं लागायचं. घरी कामवाली बाई होती, पण अम्मांची प्रेशरची गोळी चुकायची. गोळीला त्यांच्या घरी मात्रा म्हणतात. अक्काने एडिटरला सांगून ठेवलं की मी नसले तरी रोज सकाळी हा हुकूम आपणहून चालव. “अम्मा, मात्रा घेतलीस का?” अम्मांनी गोळी घेऊन एक बटण दाबायचं, म्हणजे विचारणं थांबेल. नाही दाबलं तर थोड्या वेळाने पुन्हा. तेही ऐकलं नाही तर तिसऱ्यांदा, आणि तिसरी ओळ तिने खास स्वतःच्या स्वभावाने लिहिली होती. बटण अम्मांना चाचपून सापडावं म्हणून तिने आपल्या पाकिटातली, खडा लावलेली एक टिकली त्यावर चिकटवली. शेवटच्या भेटीत पाटीवर लिहून मला म्हणाली, हा आवाज बारीक येतो, स्वयंपाकघरात ऐकू जात नाही, चांगला स्पीकर आण. मी म्हटलं, शनिवारी आणते. तिने पाटी पुसून परत लिहिलं, ‘नक्की’.

तिला पोचवून आल्यावर दुसऱ्या सकाळी घर माणसांनी भरलेलं असताना टेबलावरून आवाज आला, “अम्मा, मात्रा घेतलीस का?” एकजण ओरडलाच. शेवटच्या दिवसांत परदेशातून आलेला प्रभाकर धावत गेला आणि लॅपटॉप मिटायला लागला. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, त्याला ते सहन होण्यासारखं नव्हतं. पण अम्मांनी जागेवरूनच सांगितलं, “राहू दे. ती विचारते, मी सांगते. तुज काय त्रास?” तो माझ्याकडे पाहायला लागला. मी पिशवीतून स्पीकर काढला आणि जोडला.

त्यानंतर मी तो एडिटर शिकायला घेतला. अवघड आहे, माझं डोकं त्यात चालत नाही, अक्का असती तर तिने मला वेड्यात काढलं असतं. पण तो लॅपटॉप जुना आहे, एक ना एक दिवस बंद पडणार, आणि तेव्हा प्रभाकरला किंवा कुणा दुकानदाराला विचारत बसायची माझी तयारी नाही. तिने शिकवून ठेवलेलं सगळं मी माझ्या संगणकावर उतरवून घेतलं आहे. हा मोडला तर तो नेऊन ठेवीन. अम्मा आहेत तोवर सकाळी त्यांना विचारणारं कुणीतरी असेल, एवढं मी ठरवलं आहे.

मागच्या रविवारी सकाळीच गेले होते. टिकली नवी दिसली, आधीची झिजली म्हणून अम्मांनी अक्काच्या पाकिटातली दुसरी स्वतःच लावली होती. त्यांनी माझ्यासमोर गोळी घेतली, पाणी प्यायल्या, पेला जागेवर ठेवला, आणि खुर्ची ओढून टेबलाशी बसल्या. आवाज आला, “अम्मा, मात्रा घेतलीस का?” त्यांचं बोट टिकलीवर होतं, पण त्यांनी दाबलं नाही. मी म्हटलं, अम्मा, घेतलीत ना, दाबा की. त्यांनी दुसऱ्या हाताने मला गप्प राहायची खूण केली. थोड्या वेळाने पुन्हा तीच ओळ आली. त्या तशाच बसून राहिल्या, मान जराशी स्पीकरकडे कलती... मग तिसरी आली, सगळ्या घरात ऐकू जाईल अशी. “अम्मा, कितीदां सांगूं तुज? पोदुम तुझा हट्ट.”

अम्मांनी बटण दाबलं. “घेतली गो,” त्या म्हणाल्या, “केव्हाच घेतली.”