पहिल्या पंगतीतली गयाक्का

गुलबर्ग्याच्या कॅन्सर दवाखान्यात नव्या गोळ्यांची चाचणी चालायची, तिथली मी नर्स. सगळ्याला फॉर्म! पेशंट शिंकला तरी फॉर्म. पण खरी मजा कुठल्याच रकान्यात बसायची नाही, ती माझ्याकडे साठत गेली. त्यातली निम्मी एकट्या गयाक्काची.

गयाक्का कोहिनूर गावची, धनगराच्या घरची. कॅन्सर लिव्हरपर्यंत गेलेला, नेहमीची सगळी औषधं देऊन झालेली. आमच्या मोठ्या डॉक्टरांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी तिला गंभीरपणे सांगितलं, "पेशींची वाढ रोखणारे जीन्स तुमच्यात झोपी गेलेत. ह्या गोळ्या त्यांना जागं करतील, पण खात्री नाही."

"म्हंजी राखणीचं कुत्रं झोपलंय अन् मेंढरं उधळलीत," गयाक्का म्हणाली. "मग उठवा की त्याला! बघत कामून बसलाव?"

आणि कागदावर अंगठा दिला.

*

पहिल्या तिघांना सगळ्यात कमी डोस, त्यात गयाक्का. त्यांना सोसला, तरच पुढच्या तिघांना जास्त. हे कळल्यावर बाई तडक केबिनमध्ये! "पहिल्याच पंगतीला हात आखडता? असलं लगीन म्या न्हाई बघितलं!"

*

उरलेल्या गोळ्या मोजायला दर महिन्याला डबी परत आणायची. एकदा हैदराबादहून कंपनीचे तपासनीस आले. गयाक्काची डबी उघडली, तर काठोकाठ शेंगाचटणी!

"गोळ्या कुठायत?" साहेब ओरडले.

तिनं पदराची गाठ सोडून दोन गोळ्या टेबलावर ठेवल्या. बरोबर दोनच उरायच्या होत्या. "रिकामी डबी कशी द्यावी साहेब? आमच्यात न्हाई देत."

साहेबांनी मला अर्धा तास झापलं. जाताना हळूच विचारलं, "सिस्टर, वो चटनी किधर रखे?"

*

त्रास झाला की लगेच कळवायचं. एकदा तिचा एसटीडी बूथवरून फोन. "सिस्टर, लई तरास व्हायलाय."

मी फॉर्म ओढला. उलटी? न्हाई. चक्कर? न्हाई. मग?

"पोरगा पुण्याला कंपनीत लागलाय. चार महिने झाले, तोंड दाखवलं न्हाई."

मी लिहिलं, 'औषधाशी संबंध नाही.' आणि पोराला फोनवर असं झाडलं, की स्कॅनच्या दिवशी हजर!

*

त्या दिवशी गाठी वाढलेल्या दिसल्या असत्या तर गोळ्या बंद, आणि पुढे द्यायला आमच्याकडे काहीच नव्हतं. पोरगा भिंतीला टेकून उभा. डॉक्टरांनी जुनी फिल्म, नवी फिल्म शेजारी लावली, पट्टीनं मोजली. पुन्हा मोजली.

गयाक्काला राहवेना. बाकावरूनच ओरडली, "डाक्टर, कुत्रं उठलं का न्हाई?"

डॉक्टर बाहेर आले. सगळी ओपीडी बघतेय. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी मान वर केली आणि,

"भौ! भौ! भौ!"