कोरड्या नदीतला झिरा

शेवटचा हंडा मी अंगणात ओतून दिला. घरात प्यायला दुसरा थेंब नव्हता आणि वर चैत्राचं ऊन. एवढा मूर्खपणा करायला माणूस एक तर पोरवयाचं असावं लागतं, नाही तर नव्यानं भक्त झालेलं. मी दोन्ही होते.

धुळ्याला जाऊन आमच्या घरानं बाप्तिस्मा घेतला आणि इकडे चोपड्याजवळच्या आमच्या गावानं आम्हाला विहीर बंद केली. आमची दोरी रहाटावर पडली की बाकीच्या बायका भरलेले हंडे ओतून द्यायच्या, राखेनं घासत बसायच्या. आमचे मालक जळगावला कापसाच्या जिनात कामाला. घरी सासू आणि मी. एका मळेवाल्याच्या मोटेचं पाणी लपूनछपून आणत होतो. त्या सकाळी एक हंडा भरू देऊन त्यानंही हात जोडले. "आते नका येवा वं माय. गाव माले बी वाळीत टाकी."

कसाबसा मिळालेला तो हंडा घेऊन घरी आले, तर शेजारीण ओट्यावरून म्हणाली, "आते जाय, तुना देवले सांग हंडा भराले!"

आदल्या रविवारी पाळकांनी एका संदेष्ट्याची गोष्ट सांगितली होती. दुष्काळात त्यानं वेदीवर घागरी ओतल्या आणि स्वर्गातून अग्नी उतरला. मला वाटलं, त्याला जमलं ते मला का नाही? "भरी माना देव, देख!" असं म्हणून मी हंडा उपडा केला. स्वर्गातून काही उतरलं नाही. एक कोंबडी मात्र धावत आली, पण तिची चोच टेकेपर्यंत धुळीनं पाणी पिऊन टाकलं होतं. शेजारीण इतकी हसली की तिला ठसका लागला. प्यायला पाणी होतं तिच्याकडे.

सासू ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मुलानं बाप्तिस्मा घेतला म्हणून तिनं घेतलेला. नव्या देवाशी तिचं भांडण नव्हतं आणि ओळखही फारशी नव्हती. ती शांतपणे म्हणाली, "उद्या दिवस बुडापावत पानी ऊनं ते ऊनं. नही ते मी नानाना दारशे जास."

दिवस बुडेपर्यंत पाणी आलं नाही तर ती नानांच्या दारी जाणार होती. नाना म्हणजे गावचे कारभारी. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, देवळापुढे नारळ फोडा, परत आमच्यात या, विहीर तुमचीच आहे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच कुदळ आणि घमेलं घेऊन मी नदीत उतरले. आमच्याकडे उन्हाळ्यात नदीत नुसती वाळू असते. खड्डा खणला की तळाशी पाणी झिरपतं, तो झिरा. जो खणेल त्याचा. नदीला रहाट नसतो, म्हणून ती बाटतही नाही.

मी भर पात्रात खणायला घेतलं, कारण तिथली वाळू मऊ होती. तोंडानं गीत चालू. गुडघाभर खड्डा झाला की कड ढासळायची आणि पहिलं कडवं संपायच्या आत दात वाळूनं करकरायचे. मग गीत सोडलं आणि प्रार्थना धरली. प्रार्थना कसली, कज्जाच तो. "तुझ्यापायी विहीर गेली. आता माझी नाही तर निदान स्वतःची तरी लाज राख!" कुदळ उचलून काठाजवळच्या जांभळीखाली गेले, एवढ्या उन्हात ती हिरवी म्हणजे मुळाशी ओल असणार, आणि पुन्हा सुरुवात केली. तळहाताचे फोड फुटले तसा माझ्यातला संदेष्टा गळून पडला. उरली ती हट्टी बाई, आणि देवाला तीच हवी होती असं मला आज वाटतं.

ऊन कलताना वाळू ओली लागली. मग वाटीभर गढूळ पाणी साचलं. मी ते पदरातून गाळत होते, तेवढ्यात सासू शिळी भाकरी घेऊन आली. तिच्या मागोमाग शेताकडून परतणारे नानाही काठावर उभे राहिले.

"काय वं पोरी, सापडना का देव?"

"पानी सापडनं, नाना. देव ते घरमाच शे."

"वाळू शे ती. उद्या धसी जाई. मंग?"

"मंग आखो खंदसू."

"कितला दिन खंदशी?"

"तुमी जितला दिन विहीर बंद ठेवश्यात, तितला दिन."

नानांनी माझा नाद सोडला आणि सासूकडे वळले. "अक्का, तू ते शानी शे. सांजले नारळ लयी ये."

माझी सगळी मर्दुमकी तिथंच थिजली. तोंड माझं चालत होतं, पण घर तिचं होतं. ती एकदा नानांकडे बघे, एकदा त्या वाटीभर पाण्याकडे. मी डोळे मिटले आणि एकटीच कशी शेवटपर्यंत उभी राहिले, याचं चित्र रंगवायला लागले. मोठं सुंदर चित्र होतं, त्यात सासू कुठेच नव्हती.

डोळे उघडले तर तिनं भाकरीचं फडकं दगडावर ठेवलेलं, लुगडं वर खोचलेलं. ती खड्ड्यात उतरली, माझ्या हातातली कुदळ ओढून घेतली आणि मला कोपरानं ढकलत म्हणाली, "सरक वं तथा. येकलीच खंदशी का? देव काय तुना येकलीनाच शे का?"