चालू भोंग्याचा फोटो

"निकाली!" असं म्हणून साहेब दोन्ही हात कीबोर्डवरून असे उचलायचे, की तबलजी समेवर आला असं वाटावं. मग रुमालाने बोटं पुसायची आणि माझ्याकडे बघायचं. मी मान डोलवायची. एवढ्यासाठी मला सरकार पगार देत होतं.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. नसेल तर देवाला नारळ फोडा. आमचे साहेब रेल्वेत प्रवाशांच्या तक्रारी बघायचे आणि मी त्यांच्या हाताखालचा कारकून. पूर्वी तक्रारीची वही असे, ती कपाटात जाई आणि बाकीचं वाळवी बघे. मग कॉम्प्युटर आला. कुणीही फोनवरून तक्रार टाकली की ती साहेबांच्या पडद्यावर उमटे आणि ठरल्या वेळात मिटली नाही तर लाल होई. व्यवस्था चांगली होती, हे मी आजही म्हणतो. शहाण्या माणसाच्या हाती पडती तर मावळातल्या लहान स्टेशनांचं भलं झालं असतं. पण ती पडली आमच्या साहेबांच्या हाती.

स्टेशनवर नळाला पाणी नाही, अशी तक्रार आली की साहेब विचारत, "फोटो आहे का?" पाणी आहे का, हे नाही विचारायचे. मी कधीतरी काढलेला चालू नळाचा एक फोटो होता. धार पडतेय आणि खाली एक पांढरं कुत्रं पाणी पितंय. त्या एका उन्हाळ्यात ते कुत्रं चार स्टेशनांवर पाणी प्यायलं.

"साहेब, कुत्रं तेच दिसतंय," मी एकदा धीर करून म्हणालो.

"वरचे लोक नळ बघतात हो, कुत्रं नाही बघत," ते म्हणाले आणि हात उचलले. "निकाली!"

साहेब पुण्याहून मोटारीने यायचे, मोटारीने जायचे. दोन वर्षांत त्यांच्या बुटाला कुठल्याही प्लॅटफॉर्मची धूळ लागली नाही. एकदा मला म्हणाले, "हे वडिवळे कुठे आलं? कोकणात का?" लोणावळ्याच्या ऑफिसात बसून, तेही मावळातल्याच गावाबद्दल!

सोमवारी मात्र त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. वरच्या साहेबांची पडद्यावर मीटिंग असे आणि ते एकच विचारत, "तुमचं लाल किती?" आमचे साहेब उत्तर द्यायला शाळकरी मुलासारखे उभे राहत. त्यामुळे कॅमेऱ्यात त्यांचं फक्त पोट दिसे. मीटिंग संपली की घटाघटा पाणी पीत. तेव्हा मला त्यांची खरंच कीव यायची. मंगळवारी ती उतरायची.

अशात वडिवळ्याच्या एका माणसाची तक्रार आली. चाळिशीचा, जन्मापासून आंधळा. तळेगावच्या एका कारखान्यात मालाच्या पेट्या बांधायचं काम करायचा, रोज लोकलने. त्याच्या स्टेशनवरचा गाड्यांची सूचना देणारा भोंगा बंद पडला होता. स्टेशनचं नाव लिहीत नाही. भोंगा बंद म्हटल्यावर गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मला येते, येणारी थांबणार की नुसती जाणार, हे त्याला कळेना. पहाटेच्या पाळीला विचारायलाही कुणी नसे. दोनदा लोकल चुकली. कारखान्याने सांगितलं, तिसऱ्यांदा उशीर झाला तर येऊ नको. आणि एकदा लोकल समजून तो कडेला सरकला, तर एक्सप्रेस निघाली. वाऱ्याने मागे पडला म्हणून वाचला.

साहेबांनी तक्रार वाचली आणि म्हणाले, "भोंग्याचा फोटो आहे का?"

भोंग्याचा फोटो! आंधळ्या माणसाला! मी हसलो असतो, पण फोटो माझ्याच फोनमध्ये होता. तो गेलासुद्धा.

चार दिवसांनी तो माणूस काठी टेकत ऑफिसात आला. मी त्याला साहेबांसमोर खुर्ची दिली, चहा दिला.

"साहेब, फोटू आला म्हनं," तो म्हणाला. "शेजारची पोरगी बोलली, भोंगा लय झ्याक हाय."

"बघा! नवाच आहे तो."

"दिसाया झ्याक असंल. बोलत न्हाई."

एक वायर जोडायची होती. पण ते काम दुसऱ्या खात्याचं, आणि त्यांच्याकडे पाठवलं असतं तर सोमवारपर्यंत लाल राहिलं असतं.

आता, तक्रार बंद करायला तक्रारदाराच्या फोनवर सहा आकडे येतात. ते त्याने सांगितले तरच ती बंद होते. एरवी साहेब ते फोन करून काढून घेत. हे कुलूप कुणा जाणत्याने आमच्यासारख्यांसाठीच ठेवलं असणार. साहेब गोड बोलत राहिले, "होईल हो, होईल," आणि बोलता बोलता त्यांनी एक बटण दाबलं. त्या माणसाच्या खिशातला फोन मोठ्याने बोलू लागला. आंधळ्यांचा फोन असतो तसा, आलेलं सगळं वाचून दाखवणारा. त्याने सहाच्या सहा आकडे खणखणीत वाचले. साहेबांनी ते टाइप केले.

"निकाली!"

"साहेब, म्या आकडं सांगितलं न्हाईत."

"तुमच्या फोनने सांगितले की."

त्याने खिशावरून फोन चाचपला. "बोलतो म्हनूनच घेतला व्हता," असं म्हणून उठला आणि काठीने दार शोधत बाहेर गेला. साहेबांनी रुमाल काढून बोटं पुसली.

इतका नीच प्रकार मी नोकरीत दुसरा पाहिला नाही. साहेबांचं लाल वर्षभर शून्य राहिलं. त्यांना प्रशस्तिपत्र मिळालं, बढती मिळाली आणि ते मोठ्या ऑफिसात गेले. आम्ही हार घातला, चिक्कीचा पुडा दिला. आता ते सबंध विभागाच्या तक्रारी बघतात.

परवा एका लग्नाला वडिवळ्याला मुक्कामी गेलो होतो. परतताना उजाडायला त्या स्टेशनवर आलो, तर तो माणूस भिंतीला पाठ लावून उभा. भोंगा अजून मुकाच; कुणीतरी भेटेल म्हणून तो तासभर आधी येतो, हे लग्नघरी ऐकलं होतं. लांबून गाडीचा आवाज आला.

"थांबनारी का जानारी?" त्याने विचारलं, कुणालाच नाही असं.

"जाणारी आहे. हलू नका," मी म्हणालो.

गाडी धडधडत गेली. त्याने तोंड माझ्याकडे वळवलं.

"हापिसातलं ना तुमी? चा देताना म्हनला व्हता, गरम हाय, सांभाळा."

"हो."

"साहेब हायत का तितंच?"

"नाही, बढती मिळाली त्यांना."

"आन तुमी?"

"मी तिथेच आहे."

"मंग तवा काय बोलला न्हाईत ते?"

रूळ पुन्हा वाजायला लागले. तो माझं उत्तर ऐकायला थांबला होता, पण गाडी जवळ आली तशी त्याने चाचपडत माझा दंड धरला आणि विचारलं, "ही कुटली?"