मुकी पट्टी

हॉटेलच्या लॉबीत दुपारी एक म्हातारे गृहस्थ पियानोवर जॅझ वाजवत होते. धून एका ठरावीक जागी आली की त्यांचं बोट एका काळ्या पट्टीवर नुसतं टेके, दाबत नसे. तेवढ्या शांततेनं माझ्या अंगावर काटा येई.

वाजवणं थांबल्यावर, न राहवून, मी त्या पट्टीबद्दल विचारलं.

"आमच्या सरांच्या पियानोची ही पट्टी वाजायचीच नाही. मी त्याच्यावरच शिकलो. लोक म्हणतात, ही माझी शैली."

"मग आता वाजवा की!"

"सर गेल्यावर एकदा वाजवली. ते खोलीतून उठून गेल्यासारखं वाटलं."

ते पुन्हा वाजवू लागले. ती जागा जवळ आली, तशी मी शेजारच्या खुर्चीवरची माझी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि ती खुर्ची मोकळी केली.